खोताच्या वाडीतली घरं कोण राखतंय?

फणसवाडीकर (धागाकर्ता)

मागच्या रविवारी सकाळी साडेसातला मी गिरगावातल्या खोताच्या वाडीत एका घराच्या छपरावर होतो. घर माझ्या शाळेतल्या मित्राचं. तो वीस वर्षं कॅनडात आहे, खाली त्याची आई एकटी राहते. आम्ही सगळे तिला आंटीच म्हणतो. पावसाआधी कौलं परतायची होती. एक सुतार, त्याचे दोन गडी आणि शाळेतले आम्ही तिघे. फुटकी कौलं उतरवायची, खालच्या रिपा कुजल्या असतील तर बदलायच्या, चांगली कौलं घासून पुन्हा लावायची. कौलाच्या पोटात मंगळूरच्या कारखान्याची मोहोर असते. हातावरची माती पुसून ती अक्षरं वाचताना मी दोनदा काम विसरलो.

खरं काम मात्र खाली निघालं. पुढच्या ओटीचा एक खांब. सुतारमामांनी हातोडीच्या दांड्याने खांब वरून खाली ठोकत आणला. वर टणटण वाजत होतं, जोत्यापासून वीतभर वर आलं आणि आवाज एकदम बसला. पाय आतून गेला होता. दीडशे वर्षं उभं राहिलेलं सागवान, पण कधीतरी ओटीवर लादी बसवताना खांबाच्या बुडाशी सिमेंट भरलं, आणि तिथलं पाणी लाकडाला पीत बसावं लागलं. मामांनी तुळईला टेकू दिला, कुजका भाग तिरका कापला, जुन्या सागाचा तुकडा खाचेत बसवून खुंट्या मारल्या. एकही खिळा नाही. संध्याकाळी पाचला टेकू काढला तेव्हा आंटी दारात उभी राहून क्रूस करत होती.

घरी आल्यापासून डोक्यात तेच आहे, म्हणून हा धागा.

ज्यांना वाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या ताब्यात ही जमीन होती. त्यांनी तिचे तुकडे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिश्चन, कुटुंबांना दिले आणि त्यांनी इथे घरं बांधली. म्हणजे नाव हिंदू खोताचं, वस्ती मुख्यतः ख्रिश्चन, आणि चहूबाजूंनी आंबेवाडी, फणसवाडी, जांभूळवाडी, मुगभाट असं अस्सल मराठी गिरगाव. दारापुढे उघडी ओटी, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, कोरीव कठड्याची गॅलरी, मागे छोटं अंगण. गल्ली इतकी अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. मध्ये क्रूस आहे, तिथे संध्याकाळी मेणबत्ती लागते. गणपतीत केशवजी नाईकांच्या चाळीकडून ढोल ऐकू येतो. त्या चाळीतला उत्सव १८९३ पासूनचा. आम्हा पोरांना हे दोन्ही आपलंच वाटायचं.

एके काळी इथे ६५ घरं होती असं सांगतात. आज तिशीच्या आत आली आहेत. १९९५ साली राज्य सरकारने बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली काढली आणि वाडीला वारसा परिसर म्हणून श्रेणी तीनमध्ये घातलं. तरीही त्यानंतर घरं पडली, टोलेजंग इमारती वाडीच्या अंगावर आल्या. जी घरं टिकली ती कशामुळे टिकली? माझं उत्तर असं: आत माणसं राहत होती म्हणून. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांनी आपलं वडिलोपार्जित घर राखलं, वाडीसाठी वर्षानुवर्षं आवाज उठवला, लोकांना दार उघडं ठेवलं. काही घरांत पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या, एका घरात डिझाइनची गॅलरी झाली. रहिवाशांनी उत्सव भरवले, वाडी दाखवायच्या फेऱ्या सुरू झाल्या. पण यांच्यामागे डझनभर अशी घरं आहेत ज्यांचं नाव कुठे येत नाही. सत्तरीतली एक बाई दर मे महिन्यात स्वतःच्या पेन्शनमधून कौलं परतते, म्हणून ते घर अजून घर आहे.

वाडी बघायला रोज लोक येतात, फोटो काढतात, मला त्याचा आनंदच आहे. पण आंटीच्या खांबाचा खर्च आंटीनेच का करायचा? ती जे राखतेय त्याचा उपभोग आपण सगळे घेतो. तो भार वाटून कसा घ्यायचा यावर मला तुमची मतं हवीत.

---

मुगभाटातली

डोळ्यांत पाणी आणलंत. खोताची वाडी म्हटलं की मला आधी अनंताश्रम ही खानावळ आठवते. बाबा पगाराच्या दिवशी घेऊन जायचे. संगमरवरी टेबल, सोलकढी, आणि सुरमई संपली असेल तर संपली, चर्चा नाही. जेवायचं आणि उठायचं, गप्पा मारत बसलं की मालकांची नजर यायची. बाबा तिथे कुजबुजत बोलायचे, जणू देवळात आलोय. बंद झालं तेव्हा बाबा दोन दिवस गप्प होते. वाडीच्या तोंडाशी आयडियलचे वेफर्स अजून घेते, पिशवी गरम असतानाच निम्मी संपते.

खर्चाबद्दल विचार करून लिहिते.

---

ठाकूरद्वार_नाका

धागा मनापासून लिहिला आहे म्हणून मीही मनापासून लिहितो, राग मानू नका.

आमची चाळ १९४० च्या आधीची, उपकरप्राप्त ‘अ’ वर्ग, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी. दहा बाय सोळाची खोली, त्यात पाच माणसं. मजल्यावर आठ बिऱ्हाडांना दोन संडास. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री तिला धरून त्या गॅलरीतून न्यायचो. गॅलरीला खालून लोखंडी टेकू, पायाखाली फळी हलायची. एक दिवस तिने मला विचारलं, ‘आपल्याला दाराच्या आतला संडास कधी मिळेल रे?’ पुनर्विकासात किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं, त्यात स्वतःचं न्हाणीघर असतं. ते मला हवं आहे. माझ्या चाळीला कुणी वारसा म्हटलं तर मला भीती वाटते, कारण मग आमची फाइल आणखी दहा वर्षं अडकेल.

वाडीतली घरं मालकांची आहेत. आम्ही पागडीवाले, म्हणजे जुने भाडेकरू. दोन्हींना एकच न्याय लावू नका.

---

फणसवाडीकर

@ठाकूरद्वार_नाका, राग कसला, माझं बालपणही चाळीतच गेलं. संडासाची रांग मलाही माहीत आहे. तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, आणि मी मूळ लेखात हा फरक करायला हवा होता. भाडं १९४७ च्या कायद्याने गोठलं, मालकाने दुरुस्ती सोडली, १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं तेव्हा इमारती आधीच थकल्या होत्या. त्यात भाडेकरूचा काय दोष? तुमच्या आईंना दाराच्या आतला संडास मिळालाच पाहिजे, आणि तो गिरगावातच मिळाला पाहिजे. मेट्रो तीनच्या वेळी गिरगाव-काळबादेवीतल्या कुटुंबांनी ‘आमचं पुनर्वसन इथेच करा’ म्हणून जो हट्ट धरला, तो मला वारसा राखण्याचाच भाग वाटतो. माणसं इथली इथे राहिली तर पाडव्याच्या शोभायात्रेला अर्थ आहे.

आईंची तब्येत आता कशी आहे?

---

ठाकूरद्वार_नाका

बरी आहे, काठी घेऊन चालते. खाली नाक्यापर्यंत जाऊन येते. विचारलंत, बरं वाटलं.

---

उत्तनची_पोर

मी ईस्ट इंडियन. आजोळ वाडीजवळचं, माहेर उत्तनचं. एक गोष्ट दुरुस्त करायची आहे. इथे कुणी म्हटलं नाही, पण वाडीवरच्या दर दुसऱ्या लेखात म्हणतात: ‘मुंबईतलं पोर्तुगीज खेडं’. अहो, १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली, १६६५ मध्ये ताबा गेला. वाडी वसली त्याच्या सव्वाशे वर्षांनंतर. घरांच्या बांधणीत पोर्तुगीज वळण आहे, आमच्या आडनावांत आहे, पण आम्ही इथलेच. मुंबई, साष्टी, वसई इथले मूळचे शेतकरी, कोळी, आगरी, भंडारी, कारागीर. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी आमच्या लोकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, कारण गोवा आणि मंगळूरहून नोकरीला येणाऱ्या ख्रिश्चनांपासून आपण इथले म्हणून वेगळं ओळखलं जावं.

आजी घरात मराठीच बोलायची, आमच्या ढंगाची. लग्नात गाणी मराठी. उन्हाळ्यात बाटली मसाल्यासाठी मिरच्या वाळत घातल्या की अख्ख्या गल्लीला ठसका. मसाला कुटून झाला की तपकिरी बाटल्यांत ठासून भरायचा, बाटलीला उजेड लागू द्यायचा नाही. लग्नाच्या आदल्या रात्री फुगे, म्हणजे आमचे तेलात फुगणारे पिठाचे गोळे, तळायला शेजारच्या मराठी बायका यायच्या, पीठ हाताने उडवून तेलात सोडायचं ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं जमायचं.

‘पोर्तुगीज’ म्हटलं की आम्ही पाहुणे होतो, आणि पाहुण्याचं घर पाडायला कुणाचा हात अडखळत नाही. म्हणून हा शब्द मला लागतो.

---

मुगभाटातली

ताई, हे मला माहीत नव्हतं. मीसुद्धा मुलांना ‘पोर्तुगीज घरं’ म्हणूनच दाखवली होती. आज संध्याकाळी त्यांना सांगते.

---

सुतारपक्षी

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून थोडं कामाचं.

पहिलं, श्रेणी. श्रेणी एक म्हणजे सीएसएमटीसारख्या इमारती, तिथे मूळ रूपाला हात लावू देत नाहीत. श्रेणी दोन त्याखाली. श्रेणी तीनमध्ये बदलाला, पुनर्विकासालाही बरीच मुभा राहते. त्यामुळे ‘वारसा यादीत आहे, आता चिंता नाही’ हा समज चुकीचा. नियमावलीत हस्तांतरणीय विकासहक्काची सोय आहे. म्हणजे वारसा म्हणून मालकाला जे बांधता येत नाही, ते क्षेत्र त्याला दुसरीकडे विकता यावं. कागदावर ही सोय चांगली आहे. पण आंटीसारख्या मालकाला त्यासाठी वास्तुविशारद, वकील आणि हेलपाटे परवडतात का? समाजाने भार वाटून घ्यायचा तर माझ्या मते सुरुवात इथून करावी. वाडीसाठी कागदपत्रं करून देणारा एक माणूस. कौलांइतकीच त्याची गरज आहे.

दुसरं, सिमेंट. धागाकर्त्याने खांबाच्या बुडाचं लिहिलंय ते मी दर महिन्याला बघतो. जुन्या भिंती चुन्याच्या. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, मग तुळईची टोकं जिथे भिंतीत शिरतात तिथे कुजतात. बाहेरून घर नवं दिसतं आणि दहा वर्षांनी छप्पर बसतं. ‘एकदाच खर्च करून पक्कं करा’ असं सांगणारे ठेकेदार खूप भेटतात. कृपा करून चुनाच वापरा. चुन्याचा गिलावा करणारे गवंडी मुंबईत अजून आहेत, फक्त त्यांना सलग काम मिळत नाही. दहा घरांनी मिळून एकाच मोसमात काम काढलं तर खर्चही उतरतो आणि ते गवंडीही टिकतात.

तिसरं, सुतारमामांना माझा नमस्कार सांगा. तिरका सांधा आणि खुंटी, हेच बरोबर. ओल लागत राहिली की लोखंडी खिळा गंजतो आणि लाकूड फोडतो.

---

मांडवीकाठ

पणजीहून. आमच्या इथल्या फोंताइन्यास या जुन्या वस्तीची गोष्ट जवळची आहे. मोझांबिकहून परतलेल्या एका गृहस्थाची, लोक त्याला मोस्मीकार म्हणत, तिथे माडांची बाग होती. पुढे तिथे घरं झाली, १८४३ मध्ये पणजी राजधानी झाल्यावर वस्ती दाटली. पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती, आल्तिन्हो टेकडीच्या पायथ्याशी वळणारे रस्ते. मध्ये काही वर्षं लोकांनी आपल्या घरांचे दिवाणखाने चित्रप्रदर्शनासाठी उघडले. त्या दिवसांत मीसुद्धा शेजाऱ्यांच्या घरात पहिल्यांदा आत गेले, बाहेरून आयुष्यभर बघत आले होते.

पण आता सांगते ते जपून ऐका. घरं राहिली, रंग राहिले, आणि पर्यटक इतके झाले की लोकांना दारावर ‘फोटो काढू नका’ अशी पाटी लावावी लागते. माझी एक वृद्ध शेजारीण दुपारी खिडकी उघडत नाही. समोर लग्नाआधीच्या फोटोंसाठी कपडे बदलणारी जोडपी असतात. घरांना पाहुण्यांचं भाडं चांगलं मिळतं म्हणून राहती बिऱ्हाडं कमी होत जातात. वाडीने कमाईचा मार्ग शोधावा, जरूर शोधावा. पण किती घरं पाहुण्यांसाठी आणि किती राहण्यासाठी हे रहिवाशांनी आधी आपसात ठरवा. आम्ही उशीर केला.

---

न्यूजर्सी_आंबेवाडी

मी दोषी वारसांपैकी एक आहे. आमचं घर आंबेवाडीजवळ होतं. आजोबांच्या नावावर, नंतर नऊ वारस. चार इथे अमेरिकेत, दोन पुण्यात, बाकीचे विखुरलेले, एक काका एकटे तिथे. छप्पर गळायला लागलं तेव्हा काकांनी सगळ्यांना पत्रं लिहिली, प्रत्येकी थोडे पैसे पाठवा. मी पाठवले. पाच जणांनी उत्तरच दिलं नाही. मग पुढच्या वर्षी मीही पाठवले नाहीत. काका गेले आणि सहा महिन्यांत उरलेल्या सगळ्यांच्या सह्या झाल्या. दुरुस्तीला न जमलेल्या सह्या विक्रीला जमल्या.

मागच्या डिसेंबरात गेलो होतो. जिथे आमची विहीर होती तिथे गाड्या चढवायची लिफ्ट आहे. मुलीला दाखवायला काही नव्हतं, मी उगाच हवेत हात करून ‘इथे जिना होता’ म्हणत राहिलो.

फणसवाडीकर, तुमच्या मित्राला कॅनडात सांगा. आईला पैसे पाठवतो तसे घराला वेगळे पाठव. दर महिन्याला, थोडे का होईना. आणि वारस असतील तर आत्ताच एकाच्या नावे मुखत्यारपत्र करून ठेवा.

---

चर्नीरोड_पूर्व

दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा भागाकडून एक शिकता येईल. १९९८ मध्ये तिथली असोसिएशन झाली, १९९९ पासून महोत्सव, आणि त्यातून उभा राहणारा पैसा त्या भागातल्या वास्तूंच्या दुरुस्तीवर लावला. ओव्हल मैदानाच्या बाजूच्या रहिवासी संघटनांनीही वर्षानुवर्षं चिकाटी धरली, तेव्हा कुठे २०१८ मध्ये व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा तो समूह जागतिक वारसा यादीत गेला. ९४ इमारती आहेत त्यात, आणि आर्ट डेकोच्या बऱ्याचशा इमारतींत आजही लोक राहतात. सरकार एकट्याने हे करत नाही, कुणीतरी मागे लागावं लागतं.

---

फणसवाडीकर

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. काल आंटीलाही वाचून दाखवले. ‘पोर्तुगीज’वाला भाग ऐकून ती म्हणाली, ‘त्या पोरीला माझ्याकडे जेवायला बोलाव.’ तेव्हा @उत्तनची_पोर, हे आमंत्रण समजा.

@चर्नीरोड_पूर्व, काळा घोड्याचा भाग मोठ्या संस्थांचा आहे, रस्ता रुंद आहे, गर्दी मावते. वाडीत दोनशे माणसं आली तरी कुणाच्या ओटीवर पाय पडतो. @मांडवीकाठ यांनी लिहिलं ते वाचल्यापासून उत्सवाबद्दल माझं मत बदललंय. मोठ्या उत्सवाऐवजी लहान बैठका, एका ओटीवर मावतील एवढीच माणसं, आणि जे पैसे येतील ते त्याच घराच्या छपरासाठी. हे मला जमण्यासारखं वाटतं.

@न्यूजर्सी_आंबेवाडी, तुमचा प्रतिसाद मित्राला पाठवला. त्याने रात्री फोन केला, बराच वेळ बोलत होता. मुखत्यारपत्राचं तो बघतोय.

@सुतारपक्षी, कागदपत्रांचं तुम्ही म्हणालात ते मनात पक्कं बसलं. माझी बहीण वकील आहे, तिच्याशी बोललो. वाडीतल्या ज्या घरांना हवं असेल त्यांच्यासाठी महिन्यातला एक शनिवार ती द्यायला तयार आहे, फी न घेता. तुम्ही तिच्यासोबत बसाल का?

---

सुतारपक्षी

बसतो. शनिवार दुसरा असेल तर उत्तम.

---

राजापूरचा_बाळ्या

मी फक्त वाचत होतो, पण आता लिहितो. आमचं गावचं घर गेल्या वर्षी उतरवलं, भावाने स्लॅब टाकला. मंगलोरी कौलं गोठ्यामागे रचून ठेवली आहेत, साडेतीनशे तरी असतील, धड आहेत. पडून राहून त्यावर शेवाळ चढतंय, मला बघवत नाही. आंटींना किंवा वाडीत कुणाला चालतील का? पैसे नकोत. गावाहून आंब्याचा टेम्पो येतो, त्यात वरची भर म्हणून टाकता येतील.

---

फणसवाडीकर

बाळ्या, चालतील म्हणजे काय, धावतील! फक्त एक करा, दोन-चार कौलं उलटी करून मागची मोहोर आणि खाचांचे फोटो व्यनिने (खाजगी निरोपाने) पाठवा. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच वेगळी असते, दुसऱ्याचं कौल त्यात नीट बसत नाही आणि पाणी आत येतं. आंटीच्या छपराला जुळली नाहीत तर क्रुसामागच्या घराला बघू, त्यांच्या मागच्या पडवीवर दोन पावसाळे ताडपत्री आहे.

टेम्पो आला की माल वाडीच्या तोंडाशीच उतरवावा लागेल, आत गाडी जात नाही. तिथून हातोहात साखळी करून आत न्यावी लागतील. रविवार धरून या, सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. आत्तापर्यंत आम्ही सहा जण आहोत.

---

ठाकूरद्वार_नाका

सात. मी येतो. हातमोजे घेऊन या सगळ्यांनी, जुन्या कौलाच्या कडा कापतात.